एक वाजून सतरा मिनिटं, बेचाळीस सेकंद

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज टेस्टचं मशीन बंद पडलं. ते चालू करता करता मला कोसळलेल्या प्रोग्रामच्या त्रेसष्ट फाईली सापडल्या.

नीट लिहिते, नाहीतर सहा महिन्यांनी वाचताना मलाच काही कळणार नाही. जालन्यात एका बियाण्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. सात माणसं आणि एकच काम: दवाखान्यात अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं ठेवतात त्या कक्षासाठी सॉफ्टवेअर. बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजायची पट्टी लावलेली असते. सगळ्या बेडचे आकडे सिस्टरच्या टेबलावर एका स्क्रीनवर येतात आणि कोणाचा ऑक्सिजन खाली गेला की घंटा वाजते. मूळ प्रोग्राम धर्मराज सरांनी चार वर्षांपूर्वी लिहिला. तो तपासायचं काम माझं. रोज दुपारी एक वाजता कोपऱ्यातल्या मशीनवर चारशे बारा टेस्ट आपोआप चालतात. खरी बाळं कुठून आणणार? सरांनी बनवलेली अठरा खोटी बाळं आहेत, त्यांचे आकडे टेस्ट वरखाली करते आणि घंटा बराबर वाजते का बघते.

सव्वीस जानेवारीला पहिल्यांदा खऱ्या कक्षात बसवायचं आहे. आणि आज एक वाजता एकही टेस्ट चालली नाही, कारण डिस्क भरली होती. एका फोल्डरमध्ये भल्यामोठ्या फाईली, नावाच्या जागी नुसते आकडे. क्रॅश डंप. चालता चालता प्रोग्राम कोसळला की त्या क्षणी त्याच्या डोक्यात जे काही असेल ते सगळं एका फाईलमध्ये ओतलं जातं. पुढे कोणीतरी उघडून बघावं म्हणून.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "प्रोग्राम बंद होताना कधीकधी पडतो, त्याचा कचरा असतो तो. डिलीट मार."

साठ डिलीट केल्या. तीन ठेवल्या. का ठेवल्या ते मला सांगता येत नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

एकची फेरी झाली. चारशे बारापैकी चारशे बारा पास, स्क्रीन वरपासून खालपर्यंत हिरवी. आणि फोल्डरमध्ये दोन नवीन डंप.

सगळे पास झाले तर कोसळलं कोण?

संध्याकाळपर्यंत टेस्ट चालवणारा स्क्रिप्ट वाचत बसले. त्यात सुरुवातीलाच एक ओळ आहे: फेरी सुरू करण्याआधी जुने डंप पुसून टाक. दिवाळीत आम्ही मशीन बदललं, फोल्डरची जागा बदलली, आणि ती ओळ अजून जुन्या जागीच झाडू मारून राह्यली. म्हणून दिवाळीपासूनचे साठले. त्याआधीचे रोजच्या रोज पुसले जात होते. म्हणजे हे किती दिवसांपासून चाललंय ते कोणालाच माहीत नाही. कदाचित पहिल्या दिवसापासून.

गुरुवार, ९ जानेवारी

डंपवर टेस्टचं नाव नसतं, वेळ असते. मला वाटलं, सोपं आहे, त्या सेकंदाला कोणती टेस्ट चालू होती ते बघायचं. पण आमच्या टेस्ट एकेक चालत नाहीत, आठ-आठ एकदम चालतात. ज्या सेकंदाला एकजण पडला त्या सेकंदाला आठजण खोलीत होते आणि आठही जण हसत बाहेर आले.

मंग एक केलं. प्रत्येक डंपसाठी आठ नावांची यादी बनवली. दुसऱ्या डंपची आठ नावं, तिसऱ्याची. जी नावं सगळीकडे नाहीत त्यांच्यावर काट. नोंदी फक्त सात दिवस राहतात, त्यामुळे हाताशी थोडेच डंप. परतूरला, घरी जाणाऱ्या गाडीत मांडीवर वही ठेवून काट मारत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, पोरींची नावं आहेत का? नापास झाल्या का? मी म्हटलं, न्हाई, सगळ्या पास झाल्यात, तेच तर बघून राह्यले.

शनिवार, ११ जानेवारी

शेवटी एकच नाव उरलं: "बेड बदल". सिस्टरने एका बाळाला एका बेडवरून दुसऱ्या बेडवर हलवलं तर त्याचे आकडे त्याच्याबरोबर जातात का, एवढंच ती टेस्ट बघते. साधी, जुनी, कधीही नापास न झालेली टेस्ट.

इतका आनंद झाला की जेवायची सुद्धा विसरले. ती टेस्ट एकटी शंभर वेळा चालवली.

एकही डंप नाही. फोल्डर बिलकुल रिकामं.

सरांना सांगायला गेल्ते. ते रागावले नाहीत. म्हणाले, पंधरा दिवस राहिलेत, रिपोर्टची छपाई नीट होत नाही, ते बघ. बरोबर आहे त्यांचं. तीस वर्षं ते हेच काम करतात आणि मला तीन झाली. आपल्याला काहीतरी मोठं सापडलं असं वाटायची मला लहानपणापासून सवय आहे. चौथीत मी बाईंना सांगितलं होतं की पुस्तकातला नकाशा चुकलाय. चुकला नव्हता, मी उलटा धरला होता.

रविवार, १२ जानेवारी

दुपारी अब्बांचा डबा घेऊन दुकानात गेले. अब्बा, म्हणजे परतूरचे ख्वाजामियाँ मोटरवाले, विहिरीच्या जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देतात. एकजण भांडायलाच आल्ता, की इथे चालू दाखवलेली मोटर शेतात पुन्हा बंद पडली. अब्बांनी शांतपणे उघडली. आम्ही घरी बोलतो त्या बोलीत मला म्हणाले, "खाली मोटर तो चलतीच, बेटा. पानी खिंचने लगी, तबीच मालूम पड़ता." रिकामी मोटर चालतेच, पाणी ओढायला लागली की खरं कळतं.

मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसले. अब्बांना वाटलं सालनाचा रस्सा तिखट झाला.

सोमवार, १३ जानेवारी

"बेड बदल" एकटी नाही, सात जड टेस्टच्या गर्दीत चालवली. मशीनवर भार आला की प्रत्येक काम थोडं रेंगाळतं, आणि दोन कामांची वेळ एकमेकांवर चढते. शिवाय प्रत्येक टेस्टला तिचं स्वतःचं फोल्डर दिलं, म्हणजे ज्याचा डंप त्याच्याच घरात पडेल, संशय नको.

अडतिसाव्या वेळेला पडला. "बेड बदल"च्या फोल्डरमध्ये. टेस्ट मात्र पास.

मी तीन वेळा पुन्हा केलं. साधारण चाळिसात एकदा. एकच्या फेरीत ही टेस्ट चाळीसेक वेळा चालते, म्हणजे रोज एखादा.

अजून उघडलेला नाही. उघडायला त्या दिवशीचा तोच प्रोग्राम, तसाच बनवलेला, शेजारी ठेवावा लागतो, नाहीतर आत नुसते आकडे दिसतात. ते जमवायला एक-दोन दिवस लागतील.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. वंदनाकाकू, धर्मराज सरांच्या पत्नी, ऑफिसात तिळगूळ घेऊन आल्या. दरवर्षी येतात म्हणे, पण दर संक्रांतीला माझी सुट्टी पडली, म्हणून मी पहिल्यांदाच भेटले. दोघंच असतात घरी. शांत बाई आहेत. सर मीटिंगमध्ये होते, म्हणून माझ्याजवळ बसल्या आणि तू काय करतेस विचारलं. मी उत्साहाने स्क्रीन दाखवली. फेरी चालू होती, अठराही बेडचे आकडे हलत होते, कुठे लाल कुठे पिवळं.

मी सांगितलं, ही खोटी बाळं आहेत काकू, घाबरू नका. ह्यांना आम्ही दिवसातून चारशे वेळा आजारी पाडतो.

त्या सात नंबरच्या बेडकडे बघत होत्या. दवाखान्यात नाव न ठेवलेल्या बाळाला आईच्या नावाने लिहितात, तसं तिथे "बेबी ऑफ वंदना" असं लिहिलेलं आहे. त्याचा आकडा कायम अठ्ठ्याण्णव, हिरवा. सरांनी चारशे बारापैकी एकाही टेस्टमध्ये त्या बाळाला काही होऊ दिलेलं नाही.

"हे असंच राहतं?" त्यांनी विचारलं.

"कायम. त्याला काहीच होत न्हाई."

मी गमतीने म्हटलं की बघा, सरांनी टेस्टमध्ये पण तुमचंच नाव घातलंय. त्या हसल्या, पण डोळे स्क्रीनवरच होते. बऱ्याच वेळाने पदराने काचेवरची धूळ पुसली, तेवढ्या एका बेडवरची. जाताना माझ्या हातात आणखी दोन लाडू ठेवले. मला आवडल्या. नाव बघून त्यांना बरं वाटलं असणार.

गुरुवार, १६ जानेवारी

आज उघडला. सोमवारचा नाही, परवाच्या फेरीतला, त्या दिवसाचा प्रोग्राम जमला म्हणून.

कसं लिहू कळत नाही. पहिल्यांदा दिसते ती एक साखळी: कोणत्या कामाने कोणत्या कामाला हाक मारली, त्याने पुढे कोणाला. सगळ्यात वर तो, ज्याच्या हातून सुटलं. तिथे लिहिलं होतं: घंटा, ओळ दोनशे अकरा. म्हणजे प्रोग्राम बंद होताना पडला नाही. काम करता करता पडला. आणि पडला तो घंटेचा भाग.

मंग मी आत गेले. एक वाजून सतरा मिनिटं, बेचाळीस सेकंद, परवा संक्रांतीच्या दुपारी. त्या क्षणी अठरा बेड जसे होते तसे. प्रत्येक बाळाचं नाव, वजन, आकडा. तीन नंबरचा शहाण्णववरून पंच्याण्णववर चाललेला, अजून पोचलेला नाही. पाच नंबरच्या बाळाला सिस्टर बारा नंबरवर हलवून राह्यली, एक पाय इकडे एक तिकडे. सगळं थांबलेलं. आपण खोलीत शिरावं आणि सगळी माणसं हात उचललेले, तोंड उघडलेलं, तशीच उभी असावीत, तसं. ही काही फोटोसारखी वरवरची गोष्ट नव्हती. मी कोणालाही विचारू शकत होते, तू आत्ता काय करत होतीस, पुढे काय करणार होतीस, आणि उत्तर मिळायचं. मी खुर्ची आवाज न करता मागे घेतली. ऑफिसात कोणी झोपलेलं असल्यासारखं.

रोज एखादा, कधी दोन. दिवाळीपासून त्रेसष्ट. त्याआधी किती, देव जाणे. प्रत्येक वेळी प्रोग्राम एवढं सगळं सांगून ठेवत होता, आणि ऐकणारं कोणी नव्हतं.

झालं ते असं. घंटा एकेका बेडचं पान, म्हणजे तिथल्या बाळाची नोंद, वाचत जाते. ती पाच नंबरचं पान वाचत असतानाच "बेड बदल"ने ते पान काढून घेतलं, कारण बाळ आता बारा नंबरवर गेलं होतं. घंटा रिकाम्या जागेवर वाचायला गेली आणि कोसळली. आमच्याकडे एक राखणदार प्रोग्राम आहे, तो पडलेल्याला दोन सेकंदांत उभा करतो. टेस्टने विचारलं, बेड बदलला का? बदलला. घंटा जिवंत आहे का? आहे. पास. खोटं कोणीच बोललं नाही.

पण तिच्या रांगेत एक काम बाकी होतं. अकरा नंबर, ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर, वाजवायचं आहे.

ते कधीच वाजलं नाही. कारण घंटा वाजते ती आकडा खाली उतरताना. दोन सेकंदांनी नवीन उठलेल्या घंटेला अकरा नंबर आधीच खाली दिसला. तिला वाटलं, हे सांगून झालेलं आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

सरांना दाखवलं. ते दोन तास माझ्या खुर्चीत बसले. मी उभी. साखळीत खाली गेले, वर आले, अकरा नंबरचं पान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

मग त्यांनी त्या पुसून टाकणाऱ्या ओळीचा इतिहास काढला, कोणी आणि कधी लिहिली. मार्च २०२१. स्वतः त्यांनी.

"रोज येऊन सांगत होतं," ते म्हणाले, "अन् रोज मीच झाडून टाकत होतो."

जे समोर होतं ते मी बोलले. डंप बघताना एक लहानशी चूक दिसली होती, ती सांगितली: सगळ्या बाळांची जन्मतारीख २०२१ची आहे, सात नंबरची तेवढी १९ जून २००९ पडलीय, टाईप करताना चुकली असेल, दुरुस्त करू का? आणि हा बिघाड पकडायला जी नवी टेस्ट लिहायची तिच्यासाठी सात नंबरच घेते, त्याचा आकडा कधी हलत नाही, त्याला सत्तरवर आणलं की काम सोपं.

सर एकदम म्हणाले, "सात नंबरला हात लावायचा न्हाई."

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग हळू म्हणाले, दुसरं कोणतंही घे, तारीख पण राहू दे. मी अकरा नंबर घेतला. मोठ्या माणसांच्या कामाच्या सवयी असतात, मोडल्या की चिडतात. पण माझी चूक काय झाली ते अजून कळलं नाही. अकराने काम थोडं वाढलं, एवढंच.

सोमवार, २० जानेवारी

राधेश्यामजी आले. ऑफिस त्यांचं, खालचं बियाण्यांचं दुकानही त्यांचंच. सव्वीसच्या कार्यक्रमाच्या पत्रिका वाटून झाल्यात, मांडव सांगितलाय, गावोगावचे पाहुणे येणार आहेत. सरांनी सांगितलं की बिघाड सापडलाय. शेठजींनी विचारलं, कितीदा होतो? चाळिसात एकदा, तेही भार असला तर. त्यांनी हात झटकला. बसवून घ्या, मागून दुरुस्त करा, चार वर्षं वाट बघितली दवाखान्यात बसवायच्या परवानगीची. सर टेबलाकडे बघत होते. स्वतःच्या चुकीपायी कार्यक्रम थांबवा हे त्यांच्या तोंडून निघेना, असं मला वाटलं.

मी म्हटलं, शेठजी, पाच मिनिटं बसा.

माझ्या खुर्चीत बसवलं. भार टाकला, "बेड बदल" लावली, पुन्हा पुन्हा. पहिल्या काही वेळा घंटा वाजली. दरवेळी ते म्हणायचे, वाजली ना. घड्याळात अकरा वाजून गेले, त्यांचा चहा आला, गार झाला. मग एका वेळेला अकरा नंबर लाल झाला. सत्तर. आणि ऑफिसात काहीच आवाज नाही. खालून हमालांची हाकाहाकी तेवढी येत होती.

ते वाट बघत राहिले. आम्ही सगळेच. आकडा लाल होता, लुकलुकत होता.

"आता वाजेल का?"

"न्हाई."

"मंग कधी?"

"कोणी येऊन बघेपर्यंत न्हाई."

बराच वेळ ते उठले नाहीत. मी बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी थांबवलं. त्यांना बघायचं होतं की खरंच किती वेळ असंच राहतं. राहिलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. कार्यक्रम पुढे ढकलला. पाहुण्यांना काय कारण सांगायचं ते त्यांनी कोणाला विचारलं नाही, आणि परत आल्यावर सरांना एवढंच म्हणाले की पोरीला लागेल ते द्या.



बुधवार, २२ जानेवारी

ताप. घरीच. अम्मीने तीनदा काढा पाजला. डोळे मिटले की अठरा बेड दिसतात.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुरुस्ती सर करतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, तू लिही, मी बाजूला बसतो. मी एकेक अक्षर जपून लिहीत होते, कारण तो कोड त्यांचा आहे आणि सुंदर आहे. त्यात एक ओळ जास्तीची नाही. मोडायची भीती वाटते.

पहिली गोष्ट त्यांनीच सुचवली: घंटेचं वाचून होईपर्यंत कोणत्याही बाळाचं पान काढून घ्यायचं नाही. दुसरी मला सुचली, आणि मी घाबरत बोलले. घंटा नव्याने उठली की तिने असं समजू नये की जे खाली आहे ते सांगून झालंय. उठल्या उठल्या सगळ्यांकडे एकदा बघावं, जो खाली दिसेल त्याच्यासाठी वाजवावं. दोनदा वाजली तर वाजली.

सर म्हणाले, "हे मला सुचायला पायजे होतं. तेव्हा सुचायला पायजे होतं."

मी म्हटलं, २०२१मध्ये सर, तेव्हा तर सगळंच नवीन होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते, मग मान हलवली आणि पुढची ओळ वाच म्हणाले.

तिसरी गोष्ट मी कोणाला न विचारता केली. पुसून टाकणारी ओळ काढली. तिथे लिहिलं: फेरीनंतर एकही डंप सापडला तर सगळी फेरी नापास.

बुधवार, २९ जानेवारी

चार हजार वेळा. भारासकट. एकही नाही.

तरी मी मुद्दाम घंटा हाताने पाडून बघितली. उठली, सगळ्यांकडे बघितलं, अकरा नंबरसाठी वाजली. ऑफिसातल्या सगळ्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्या आवाजाने आमच्याकडे कोणी मान वर करत नव्हतं, सवय झाली होती.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज बसवलं. मांडव नाही, पाहुणे नाहीत, राधेश्यामजींनी नारळ फोडला आणि दाराबाहेरूनच परत गेले.

कक्षात जायच्या आधी चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगात हिरवा झगा घालायचा. सरांनी हात धुतले, झगा घातला, आणि दारात थांबले. म्हणाले, मी बाहेरची वायर बघतो, तू जा. बाहेरची वायर काल लाईनमनने बघितली होती. मी एकटी आत गेले.

आत ऊबदार. आपण बोलतो तसं तिथे कोणी बोलत नाही. बारा बेड, अकरा बाळं. मी चार वर्षांचा कोड तपासलाय, अठरा बाळांना हजारो वेळा वरखाली केलंय, आणि मला हे माहीत नव्हतं की ती एवढीशी असतात. पाऊल माझ्या अंगठ्याएवढं. त्याला पट्टी, पट्टीत लाल दिवा, आणि त्या दिव्याने अख्खं पाऊल आतून उजळलेलं. बोटं दिसतात, नखं दिसतात, नखं सुद्धा असतात त्यांना. आमच्याकडे येणारा आकडा तिथून निघतो, त्या लाल उजेडातून. मी किती वेळ तिथे उभी राहिले माहीत नाही. बेबीनंदा सिस्टर, तिथल्या मुख्य सिस्टर, मागून म्हणाल्या, सगळे पहिल्या दिवशी असेच उभे राहतात.

स्क्रीन लागली. अकराही नावं आली. सिस्टरांनी चार नंबरच्या बाळाला उचललं, त्याला कावीळ होती, निळ्या दिव्याखाली न्यायचं होतं, नऊ नंबरवर. मी श्वास धरून स्क्रीन बघत होते. पान इकडून तिकडे गेलं. आणि त्याच वेळेला घंटा वाजली.

दोन नंबर. एक्क्याऐंशी.

क्षणभर मला वाटलं ही टेस्ट आहे. हात माऊसकडे गेला, काय बिघडलं बघायला. काहीही बिघडलं नव्हतं. सिस्टरांनी चार नंबरचं बाळ नऊवर ठेवलं, दुसऱ्या सिस्टरच्या हवाली केलं, आणि चार पावलांत दोन नंबरवर पोचल्या. पळाल्या नाहीत. एका बोटाने त्याच्या तळव्यावर टिचकी मारली. दुसरी मारली. पाठ चोळली. दाराच्या काचेतून सरांचा चेहरा दिसत होता, काचेला अगदी चिकटलेला, काचेवर वाफ धरली होती.

एकोणऐंशी. ऐंशी. शहाऐंशी. त्र्याण्णव.

घंटा थांबली. बाळाची आई, प्रभावती नावाची, कुंभार पिंपळगावची, दूध पाजायच्या वेळेला नेमकी आत आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, काय झालं? काय वाजलं?

"काही न्हाई बाई," सिस्टर म्हणाल्या. "श्वास घ्यायचा विसरलं होतं. लहान हाय ना, विसरतात ही. आठवण करून द्यावी लागती. आता आठवलं त्याला."

विसरतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माणूस श्वास घ्यायचा विसरू शकतो, आणि कोणीतरी तळव्याला हात लावला की त्याला आठवतो. मी आजवर घंटेला आवाज समजत होते.

प्रभावतीने बाळाला छातीशी घेतलं आणि खुर्चीत बसली. सिस्टर हात धुवायला गेल्या. स्क्रीनवर अकरा आकडे चालू होते, मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

बाहेर आले तर सरांनी विचारलं, कोणत्या बेडचं होतं? मी सांगितलं. मुलगा का मुलगी? ते मला माहीत नव्हतं. बरं आहे ना? बरं आहे म्हटलं. मग ते आत गेले. किती वेळ होते मी बघितलं नाही. मला गाडी गाठायची होती.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी नव्हती. समोरच्या बाकावर एक म्हातारी गाठोडं उशाला घेऊन झोपली होती, तोंड थोडं उघडं. शेजारी तिची सून, खिडकीला डोकं लावून. पलीकडे दोघं पत्ते खेळत होते. मी एकेकाची छाती वर जाताना आणि खाली येताना बघत बसले. म्हातारी मध्येच थोडी थांबायची, मग पुन्हा घ्यायची. कोणीही आठवण करून देत नव्हतं. परतूर येईपर्यंत सगळ्यांनी घेतला. उतरताना तिच्या पायाला माझा धक्का लागला, ती जागी झाली आणि मला म्हणाली, आलं का गाव? मी म्हटलं, आलं.